भोपळ्याला लिहिलेलं माफीपत्र

माझ्या नोकरीतलं पहिलं लेखी काम म्हणजे एका लाल भोपळ्याला लिहिलेलं माफीपत्र. फिजिक्स घेऊन बी.एस्सी., वर किरणोपचाराचा डिप्लोमा, दोन्हीकडे फर्स्ट क्लास, आणि सहीखाली या सगळ्या पदव्या घालून मी लिहिलं होतं : "सन्माननीय भोपळासाहेब यांस, सप्रेम नमस्कार. काल माझ्या चुकीमुळे आपल्या डाव्या अंगाला जरुरीपेक्षा दीडपट किरण देण्यात आले. आपण बोलू शकत नाही, याचा मी गैरफायदा घेतला. क्षमस्व." दुसऱ्या दिवशी पत्र परत आलं. समासात लाल पेन्सिलीने शेरा होता : "गैरफायदा, ह्ये बराबर. पन कुटं चुकलं त्ये लिवलं न्हाई. पुन्हा लिवा."

मी पुन्हा लिहिलं. न लिहून सांगते कुणाला? सहा महिन्यांची प्रोबेशनवरची नोकरी होती, आणि आमच्या घरात ती पहिलीच खुर्चीवर बसायची नोकरी होती. वडील औषधांच्या कारखान्यात तिसऱ्या शिफ्टला. पिंपरीतल्या आमच्या अख्ख्या चाळीला ते सांगून आले होते की पोरगी कॅन्सरच्या मशीनवर लागली. संध्याकाळी मी घरी गेले की वडील विचारायचे, "आज काय शिकवलं?" मी म्हणायची, "भोपळा." आई म्हणायची, "कालही भोपळाच होता ना गं?"

शेरा मारणारे आमचे सर. नाव सांगत नाही. त्यांना स्वतःलाच नावाच्या पाट्यांचा राग होता. आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात तर संडासाच्या दारावरसुद्धा देणगीदाराचं नाव होतं. कोबाल्टचं मशीन आलं तेव्हा औद्योगिक पट्ट्यातल्या चार कारखानदारांनी मिळून संगमरवरी पाटी लावली. त्या पाटीचा सुतारकाम, गवंडीकाम धरून जो काही घोळ झाला, त्यात मशीनच्या खोलीचं दार तीन आठवडे उघडत नव्हतं. सर म्हणाले, "पाटीला लाईट द्या आधी, ती लई सुजलीया."

लाईट म्हणजे किरण. पेशंट लोक तसंच म्हणायचे, "लाईट घ्यायला आलोय." कुणी शेक म्हणायचं. आम्ही पदवीधर मंडळी सुरुवातीला त्यांना दुरुस्त करायला जायचो. सरांनी तेही बंद केलं.

सर मूळचे चिखलीचे, शेतकऱ्याच्या घरातले. मॅट्रिक झाल्यावर एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले आणि वीस वर्षं यंत्राच्या सुट्या भागांची चित्रं काढली. हॉस्पिटल निघालं तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरांना असा माणूस हवा होता ज्याची रेघ हलत नाही. त्यांनी सरांना उचलून आणलं आणि शिकवलं. डॉक्टर गेले, सर राहिले. कोणत्या पेशंटला कोणत्या बाजूने, किती अंशातून, किती वेळ किरण द्यायचे, याचा कागदी नकाशा म्हणजे प्लॅन. ते सगळे सरच काढायचे. पण त्यांच्याकडे पदवी नव्हती. ट्रस्टींना हे दहा वर्षांनी एकदम जाणवलं. मग जाहिरात देऊन दोन पदवीधर घेतले, म्हणजे एक मी आणि दुसरा पुण्याहून येणारा एक उंच मुलगा. त्याला युनिव्हर्सिटीत सुवर्णपदक मिळालं होतं आणि ते तो पहिल्या दिवशी डब्यासोबत घेऊन आला होता. त्याला सगळे मेडल म्हणायला लागले. आणि आम्हा दोघांना शिकवायचं काम कुणाकडे, तर ज्यांच्याकडे पदवी नाही त्यांच्याकडे. आम्ही तयार झालो की सरांची खुर्ची आमची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनाही. तरी त्यांनी शिकवण्यात तसूभरही हात आखडता घेतला नाही. उलट इतकं शिकवलं की नको झालं.

आता ऐंशी सेंटिमीटरचं सांगते. मशीनमधला कोबाल्ट आणि पेशंटची कातडी यांच्यात ऐंशी सेंटिमीटर अंतर ठेवायचं, हा आमच्या कामाचा पहिला धडा. तो सगळ्यांनाच शिकवतात, पण सरांनी तो आयुष्याला लावला. त्यांचं टेबल भिंतीपासून ऐंशी, खुर्ची खिडकीपासून ऐंशी. बोलायला कुणी जवळ आलं की ते मागे सरकायचे, समोरचा पुढे यायचा, ते आणखी मागे. एका ट्रस्टींशी बोलता बोलता ते असेच मागे सरकत जिन्यापर्यंत गेले होते. खिशात घडीची लाकडी पट्टी. बसस्टॉपवर भेटले तरी, "पदवीधर, त्यो खांब आन् त्यो मानूस, किती?" मी म्हणायची, "नव्वद." पट्टी उघडून सर मोजायचे. खांबाजवळच्या माणसाला आपल्याला का मोजतायत ते कळायचं नाही, आणि सर सांगायचेही नाहीत. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी आहेराचं पाकीट हात ताठ करून लांबूनच दिलं. नवरीला वाटलं, हे काही रागावलेत की काय.

आम्हाला ते "पदवीधर" म्हणायचे आणि कधीही अरे-तुरे करायचे नाहीत. "तुमी" इतक्या कडू तोंडाने म्हणता येतं हे मला तेव्हा कळलं.

प्लॅन काढायला पहिल्यांदा माणसाचा आकार घ्यावा लागतो. त्या काळी शिशाची मऊ तार असायची. ती शरीराभोवती दाबून बसवायची, अलगद उचलायची आणि आकार न मोडता कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची. ऐकायला सोपं आहे. मेडल म्हणाला, "हे तर कोणीही करेल." सरांनी त्याच्या हातात तार दिली आणि टेबलावर भोपळा ठेवला. मेडलने आकार घेतला. सरांनी भोपळा सुरीने बरोबर त्याच रेघेवर कापला आणि कापलेली बाजू मेडलच्या कागदावर ठेवली. भोपळा एकीकडे, चित्र दुसरीकडे. "ह्यो तुमचा मानूस," सर म्हणाले. "तुमी ह्येच्या शेजारच्याला लाईट दिला."

असे अडीच महिने. चिंचवडच्या बाजारातून सर स्वतः भोपळे आणायचे, गुळगुळीत कधीच नाही, वाकडे, खळग्यांचे, एका बाजूला बसलेले. "मानसं काय तुमाला साच्यातली मिळनार हायेत?" दुपारी कापलेले भोपळे कँटीनला जायचे, आणि आम्ही जी चूक सकाळी केली तीच भाजी होऊन दुपारी ताटात यायची. अख्ख्या स्टाफला आमची प्रगती जेवणातून कळायची. भाजी कमी झाली की नर्सबाई विचारायच्या, "काय, जमायला लागलं वाटतं?" मॅट्रिकपासून बी.एस्सी.पर्यंत मला एकाही विषयात भोपळा मिळाला नव्हता. इथे तो रोज मिळायचा, चिरून.

भोपळ्याचा प्लॅन जमेना तर माफीपत्र. मेडलने सहा लिहिली, मी नऊ. त्याची इंग्रजीत असायची आणि भाषा सुरेख. सर ती वाचायचे नाहीत. "भोपळ्याला इंग्रजी येत न्हाई," म्हणून परत.

भोपळा सुटला आणि आम्ही टेबलावर चढलो. म्हणजे खरंच चढलो. मशीन बंद ठेवून सरांनी मला त्या कडक टेबलावर उताणं झोपवलं, तोंडावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या टाकल्या (पेशंटचं डोकं हलू नये म्हणून अशाच साच्यावरून त्याचा प्लास्टिकचा मुखवटा करतात), नाकाच्या भोकांपुरती जागा ठेवली आणि म्हणाले, "हलू नगा." बाहेर गेले. लोखंडी दार बंद झाल्याचा आवाज आला. मी मनात आकडे मोजायला घेतले आणि साठच्या आसपास विसरले. नाक खाजत होतं, मान अवघडली होती, प्लास्टर गरम व्हायला लागलं आणि मला खात्री झाली की हा माणूस मला विसरून जेवायला गेलाय. सर आत आले. "किती येळ?"

"दहा मिनिटं तरी."

"अडीच," सर म्हणाले. "आता तुमी कागदावर अडीच मिन्टं लिवताना ह्ये ध्यानात ठिवा."

मेडल दीड मिनिटात उठून बसला आणि प्लास्टरसकट बाहेर आला. ओपीडीतल्या बायका किंचाळल्या.

हे सगळं व्यवस्थापकसाहेबांना अजिबात पटत नसे. ते एका कारखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते, प्रॉडक्शनमध्ये तीस वर्षं काढलेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवर एक फळा लावला. ठरलेल्या वेळी पेशंट मशीनवर गेला की हिरवी टाचणी, उशीर झाला की लाल. स्टॉपवॉच घेऊन ते दारात उभे राहायचे. एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून गेलं, "एका शिफ्टला किती नग निघतात?" सरांनी ऐंशी सेंटिमीटरवरून सांगितलं, "साहेब, तुमच्याकडं नग बिघडला तर भंगारात टाकत्यात. आमच्याकडं भंगार घरी जातंय आन् पोराबाळांत जेवाय बसतंय." साहेब हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आणखी एक रंग वाढला, पिवळा, सरांमुळे झालेला उशीर.

सरांची आणखी एक खोड होती आणि पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. प्लॅनचे कागद एका वेताच्या टोपलीत असायचे. खात्यात जे सगळ्यात नवे, त्यांच्यापैकी एकाने प्रत्येक प्लॅन तपासून सही केल्याशिवाय तो मशीनवर जायचा नाही. हा नियम सरांचा. पण त्या टोपलीत ते अधूनमधून एखादा खोटा प्लॅनही घालायचे, काल्पनिक नावाचा, आणि त्यात मुद्दाम एक चूक करून ठेवायचे. त्याला ते "खोट" म्हणायचे. खोट सापडली तर नुसतं "हं". नाही सापडली तर भोपळासाहेबांना पत्र. मेडलला यात भारी मजा यायची. खोट सापडली की तो टाळी वाजवायचा. सरांनाही मनातून ते आवडायचं, हे मी आता कबूल करते.

मग आमच्याकडे तो इन्स्पेक्टर आला. पोलीस नव्हे. आकुर्डीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होता, राहायला काळेवाडीत. वय चाळीसच्या आतबाहेर. उजव्या वरच्या जबड्यात गाठ झाली होती, पुण्यात ऑपरेशन होऊन गेलं होतं, त्या बाजूचे दात काढलेले, गाल आत बसलेला. उरलेलं आमच्या मशीनने जाळायचं होतं. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की गाठ उजव्या डोळ्याला खेटून आहे, किरणांनी तो डोळा हळूहळू जाईल, डावा राहील. त्या माणसाला आपण मरू का, हे विचारताना मी ऐकलं नाही. तो एकच विचारायचा. डॉक्टरांना विचारलं, नर्सला विचारलं, मला विचारलं, झाडूवाल्या मावशींना विचारलं : "डावा नक्की राहील ना? मायक्रोमीटर मी डाव्यानेच वाचतो. डावा गेला तर मला गेटवर उभं करतील."

त्याच्या चेहऱ्याचा आकार मीच घेतला. डोळ्यांच्या खालून तार फिरवली. उजव्या गालाशी आली तेव्हा खळगा इतका खोल होता की अंगठ्याने तार आत ढकलावी लागली. त्याने डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, "मॅडम, तिकडे दुखतं, हळू." मी आकार कागदावर उतरवला आणि सरांना दिला. त्यावरून सरांनी ट्रेसिंग पेपरवर प्लॅन काढायला घेतला. तीन दिवस ते त्यावर बसले होते. एक किरण समोरून, एक बाजूने, आणि डावा डोळा दोन्हीच्या बाहेर.

ड्रॉइंग ऑफिसातली एक जुनी सवय असते. ट्रेसिंग पेपर आरपार दिसतो, म्हणून जी रेघ खोडायची नाही ती कागदाच्या मागच्या बाजूने काढतात. मग पुढची कितीही रेघ खोडा, मागची शाबूत. सरांनी गाठ मागच्या बाजूने काढली. काढताना अर्थातच कागद उलटा केला. आणि तो सरळ करायचा राहिला. त्याच उलट्या कागदावर त्यांनी पुढचं सगळं काम केलं, किरण बसवले, सुंदर अक्षरात "डावा", "उजवा" लिहिलं. अक्षरं सरळ आणि चेहरा उलटा. उजव्या गाठीचा प्लॅन डावीकडचा झाला, आणि बाजूचा किरण नेमका चांगल्या डोळ्यावर आला.

टोपलीतून तो माझ्याकडे आला सकाळी साडेनऊला. पेशंटची वेळ दहाची. मी केसपेपर वाचला, "उजवा जबडा", मान डोलावली. प्लॅन वाचला, "डावीकडून", मान डोलावली. दोन्ही कागद बरोबर वाटले, कारण एकावर डॉक्टरांची सही होती आणि दुसऱ्यावर सरांची रेघ. आकडे तपासले, एक चूक नाही. पलीकडे मेडल पेशंटच्या प्लास्टिकच्या मुखवट्यावर प्लॅनबरहुकूम जांभळ्या शाईने चौकोन आखूनही बसला होता, डाव्या बाजूला. मी पेन उघडलं आणि सहीसाठी कागद डाव्या हाताने दाबून धरला. माझा अंगठा त्या खळग्याच्या रेघेवर पडला. खळग्याशेजारी लिहिलं होतं "डावा". मी त्या खळग्यात तार दाबली होती. तिकडे दुखतं, हळू, असं तो म्हणाला होता, आणि ते उजवीकडे होतं.

मी पळत सरांकडे गेले. "सर, थांबा. गाल उलटा आहे."

सरांनी कागद घेतला, खिडकीला लावला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग खुर्चीवर बसले. मेडल मुखवटा हातात घेऊन आला होता. त्याने कागदाकडे पाहिलं, केसपेपरकडे पाहिलं आणि टाळी वाजवली. "वा सर, काय खोट घातलीत. खऱ्या पेशंटचं नाव टाकून. मी तर पार फसलो."

सरांचा चेहरा बघून मला कळलं की ही खोट नाही. तेवढ्यात व्यवस्थापकसाहेब स्टॉपवॉच घेऊन दारात. "दहा वाजून सात मिनिटं. मशीन रिकामं. काय चाललंय?"

आता मी जे केलं ते सांगते. मी हसून म्हणाले, "काही नाही साहेब. सरांनी आमची परीक्षा घेतली होती. चूक सापडली, पास झालो." साहेबांचा चेहरा फुलला. ट्रेनिंगच्या रकान्यात लिहितो म्हणाले आणि गेले. मला वाटलं, सरांना वाचवलं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

सर उठले. त्यांना इतकं रागावलेलं मी आधी पाहिलं नव्हतं, आणि आवाज तर एकदम खाली. "पोरी, तू आत्ता काय क्येलंस?"

पहिल्यांदाच "पोरी" आणि पहिल्यांदाच "तू". मी म्हणाले, "सर, तुमची नोकरी..."

"माझी नोकरी गेली खड्ड्यात. उद्या हितं खरी चूक सापडंल, आन् ह्यो पठ्ठ्या टाळ्या वाजवंल. म्याच शिकिवलं ह्येला टाळ्या वाजवाय. खोटंनाटं टोपलीत घालू घालू म्या खऱ्याची भीतीच घालवली. ह्ये बंद आजपास्नं." टोपली त्यांनी पायाने टेबलाखाली सारली. मग नोंदवही ओढली आणि लिहिलं : "कागद उलटा ठेवला. चूक माझी. खोट नव्हे." खाली सही, तारीख, वेळ. मला म्हणाले, "तूबी सही कर. धरली कुनी त्ये लिव."

मी सही केली. वाटलं, संपलं. पण सर बाहेर निघाले, ओपीडीकडे. मी मागोमाग. इन्स्पेक्टर बाकावर बसला होता, कारखान्याच्या युनिफॉर्ममध्येच, परत जाऊन अर्धी शिफ्ट करायची म्हणून. सर त्याच्या शेजारी बसले, अगदी खांद्याला खांदा लावून.

"आज लाईट न्हाई," सर म्हणाले. "तुमचा नकाशा म्या उलटा काढला. ह्या पोरीनं धरला. तसाच मशीनवर गेला असता तर तुमचा डावा डोळा गेला असता. आता नवा काढतो. दोघं तपासत्याल. उद्या या."

माणसाचा हात आपोआप डाव्या डोळ्यावर गेला. मग तो म्हणाला, "उद्या? रजा आजची आहे माझी. आजचा दिवस फुकट गेला म्हणजे."

"गेला," सर म्हणाले. "माफी मागतो."

आमच्या हॉस्पिटलात पेशंटची माफी मागायची पद्धत नव्हती. आभार मानून घ्यायची होती, त्याच्यासाठी वहीसुद्धा होती. सरांनी त्याच दुपारी नवा प्लॅन काढला, आकडे तेच, बाजू तेवढी सरळ केलेली, मी तपासला, मेडलने तपासला, आणि टाळी कुणी वाजवली नाही. दुसऱ्या दिवसापासून इन्स्पेक्टरला लाईट सुरू झाला. सहा आठवड्यांनी संपला. उजवा डोळा पुढे गढूळ होत गेला. डावा स्वच्छ राहिला.

आणि त्या स्वच्छ डोळ्याने त्याने तक्रार लिहिली. दोन फुलस्केप पानं, इन्स्पेक्शन रिपोर्टसारखी मुद्दे घालून. मुद्दा एक, उपचार एक दिवस उशिरा सुरू झाला. मुद्दा दोन, रजा वाया गेली. मुद्दा तीन मला अजून पाठ आहे : "सदर गृहस्थ आपण चुकतो असे स्वतःच कबूल करतात. आमच्याकडे असा माणूस तपासणीच्या कामावर ठेवत नाहीत. तरी योग्य ती कारवाई व्हावी."

ट्रस्टींची बैठक झाली. चहा-बिस्किटं द्यायच्या निमित्ताने कँटीनवाला आत-बाहेर करत होता, त्याच्याकडून आम्हाला सगळं कळायचं. चूक कशी झाली, हे सात जणांपैकी एकानेही विचारलं नाही. ती बाहेर का सांगितली, यावर दोन तास चर्चा झाली. एक जण म्हणाले, उद्या सगळे पेशंट विचारायला लागतील. दुसरे म्हणाले, मशीनवर आमचं नाव आहे. मी नोंदवही घेऊन दारात उभी होते, की बोलावलं तर दाखवू, सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. बोलावलं नाही. ठराव इंग्रजीत झाला. प्लॅन यापुढे फक्त पदवीधर काढतील, सरांनी प्लास्टरच्या खोलीत मुखवटे बनवावेत. मेडल तोवर परदेशातल्या हॉस्पिटलला अर्ज करून बसला होता, दोन महिन्यांत गेला. राहिले मी. सरांच्या खुर्चीवर मी बसले. वडिलांनी चाळीत पेढे वाटले. माझ्या वाट्याचा मी आईच्या हातावर ठेवला.

सरांनी प्लास्टरच्या खोलीत तोंड पाडून बसावं की नाही? नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिथे नवी पद्धत काढली. पेशंटच्या तोंडावर पट्ट्या टाकताना ते मोठ्याने सांगत राहायचे, "आता अर्धं झालं, आता थोडं राहिलं." घाबरलेली माणसं त्यांच्याकडे शांत झोपायची. मी एकदा एक अवघड प्लॅन घेऊन तिकडे गेले. ते म्हणाले, "सही कुनाची हाय?" मी म्हणाले, "माझी." "मग तूच बघ." मी कागद तिथेच ठेवून उभी राहिले. शेवटी त्यांनी हात पुसले आणि कागद घेतला. इतका वेळ बघत राहिले की वाडग्यातलं प्लास्टर दगड झालं. "बराबर हाय," म्हणाले, आणि वाडगं फोडायला घेतलं. दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाला ट्रस्टने भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्यावर ट्रस्टचं नाव होतं. सर चिखलीला निघून गेले.

आणखी दोन वर्षांनी इन्स्पेक्टर तपासणीला आला. दर वर्षी यायचा, पण डॉक्टरांना भेटून परस्पर जायचा. त्या दिवशी माझ्या दारात उभा राहिला. उजवा डोळा पांढरा, केस पांढरे, बाकी ठणठणीत. अजून इन्स्पेक्शनलाच होता. म्हणाला, "ते सर दिसत नाहीत?"

"निवृत्त झाले."

तो आत येऊन बसला. टोपी हातात फिरवत राहिला. "मॅडम, एक विचारू? त्या दिवशी ते बोलले नसते, तर मला कधी कळलं असतं?"

"नाही."

"डोळा तर तुम्ही आधीच वाचवला होता."

"हो."

"मशीन बिघडलंय म्हणाले असते, तरी मी गपचूप घरी गेलो असतो. मग सांगितलं कशाला हो त्यांनी?"

"डोळा तुमचा होता म्हणून," मी म्हणाले.

त्याने मान खाली घातली. "ते पत्र मी लिहायला नको होतं. आमच्या लाइनवर गेल्या महिन्यात माझ्या हातून एक लॉट चुकीचा पास झाला. मी कुणाला बोललो नाही. तेव्हापासून ते सर डोक्यातून जात नाहीत." मग त्याने वर पाहिलं. "तुम्ही सांगता का, मॅडम? तुमच्याकडून असं काही झालं तर?"

त्या चार वर्षांत माझ्या दोन चुका मशीनवर जाण्याआधी पकडल्या गेल्या होत्या. एक मीच पकडली, एक नव्या मुलीने. दुसरी तर त्याच आठवड्यातली. देहूरोडची एक बाई दोन तास बाकावर बसून होती, आणि मी बाहेर जाऊन तिला सांगितलं होतं की मशीन बिघडलंय, उद्या या. तिने माझे आभार मानले होते. सरांची जागा, सरांची खुर्ची, सगळं माझ्याकडे आलं होतं, एवढी एक गोष्ट सोडून. मला फार लाज वाटली. तो डावा डोळा माझ्यावर रोखून बसला होता.

"सांगते की," मी म्हणाले, आणि पुढच्या तपासणीचं कार्ड भरून त्याच्या हातात दिलं.